१२ दिवसांत तेज वाढलं म्हणून केंद्र १२ प्रकाशदिवसांचं होत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की एका सेफर्ट दीर्घिकेचा (जिचं केंद्रक फार तेजस्वी असतं अशी दीर्घिका) झेडटीएफ या आकाशाचे पुन्हा पुन्हा फोटो घेणाऱ्या सर्व्हेमधला लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, उतरवून घेतला, त्यात १२ दिवसांत साधारण २० टक्के चढ दिसला, आणि कुठेतरी वाचलेलं की बदलाला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे आकार, तर मग केंद्र १२ प्रकाशदिवसांचं म्हणायचं का. त्याखाली दुसरा प्रश्न आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटला: भल्यामोठ्या दुर्बिणीतूनही जिथे नुसता ठिपका दिसतो तिथे मधे कृष्णविवर, भोवती तप्त वायूची तबकडी, तिच्याबाहेर सुसाट फिरणारे ढग, त्याच्याही बाहेर धुळीचं कडं, असं चित्र लोक एवढ्या खात्रीने कशावरून काढतात, की तो सगळा अंदाजच आहे?

मी गेली सतरा-अठरा वर्षं अशाच केंद्रकांचे लाइट कर्व्ह आणि वर्णपट घेतेय, त्यामुळे जरा लांब उत्तर देते.

आधी हे सांगायला हवं की तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे वेळ एकमेकांत मिसळलेत. एक म्हणजे तेज किती वेळात बदललं तो वेळ. दुसरा म्हणजे एका प्रकारच्या प्रकाशातला बदल दुसऱ्या प्रकारच्या प्रकाशात किती उशिरा दिसला तो वेळ. पहिल्यातून आकाराची फक्त वरची मर्यादा मिळते, दुसऱ्यातून खरं अंतर मिळतं. आतल्या रचनेबद्दल आज जे काही माहीत आहे त्यातलं बरंचसं दुसऱ्या वेळेतून आलंय, आणि नव्याने या विषयात येणारे बहुतेक जण पहिल्यावरच अडकून बसतात.

पहिला वेळ काय सांगतो ते बघू. समजा एखादी वस्तू एक प्रकाशवर्ष रुंद आहे आणि ती सगळीच्या सगळी एका क्षणात दुप्पट तेजस्वी झाली. तरी तिच्या पुढच्या भागाचा उजेड आपल्यापर्यंत आधी येणार आणि मागच्याचा वर्षभराने, म्हणजे आपल्याला तो बदल वर्षभर पसरलेला दिसणार. म्हणून महिन्यात मोठा बदल दिसला तर वस्तू प्रकाशमहिन्याहून फार मोठी असू शकत नाही. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचं रेडशिफ्ट (विश्व प्रसरण पावताना प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप) ओळखलं, ०.१५८, म्हणजे हा 'तारा' दोन अब्ज प्रकाशवर्षांहून लांब निघाला, आणि त्याच वर्षी हार्वर्डच्या जुन्या फोटोप्लेट तपासल्या तर त्यावर, १९ व्या शतकाच्या अखेरीपासूनच्या प्लेटांवर, त्याचं तेज कमीजास्त होताना सापडलं. आख्खी दीर्घिका ओलांडायला प्रकाशाला लाखभर वर्षं लागतात आणि इथे तर महिन्या-वर्षांत फरक पडतोय! एवढ्या एका गोष्टीने 'खूप सारे तारे एकत्र चमकत असतील' वगैरे कल्पना मोडीत निघाल्या. त्यामुळे हा युक्तिवाद हलका नाहीये, पण तो 'याहून मोठं नाही' एवढंच सांगतो, 'एवढं आहे' असं सांगत नाही.

तुमच्या १२ दिवसांमागे प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ असेलच असं नाही, बहुतेक नसणारच. एक आकडा घ्या, हा मी नेहमी डोक्यात ठेवते: १० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असेल तर त्याची गुरुत्वीय त्रिज्या, म्हणजे जी एम भागिले सी वर्ग (जी गुरुत्व स्थिरांक, एम वस्तुमान, सी प्रकाशाचा वेग), साधारण १५ कोटी किलोमीटर येते, पृथ्वी-सूर्य अंतराएवढी, प्रकाशाला ८ मिनिटं. अशा १० त्रिज्यांवर फिरणाऱ्या वायूला एक फेरी मारायला २७ तासांच्या आसपास लागतात, १०० त्रिज्यांवर ३५-३६ दिवस. तबकडीचा तेवढा भाग तापायला किंवा निवायला लागणारा वेळ, नेहमीचे आकडे धरले तर, दोनेक महिने. आणि बाहेरून आत वायू सरकत यायला लागणारा वेळ पातळ तबकडीत शेकडो-हजारो वर्षं. म्हणजे एकाच जागेला चार-पाच वेगवेगळी घड्याळं आहेत, आणि तुमचा १२ दिवसांचा चढ यातल्या कुठल्या घड्याळाचा, की तबकडीच्या वर असलेल्या एक्स-रे देणाऱ्या तप्त कोरोनाच्या लहरीचा, हे एका लाइट कर्व्हवरून कळत नाही.

शिवाय १२ हा आकडाच मुळात खास नाही. तुमच्याच डेटातला दुसरा एखादा सीझन काढून बघा, तिथे तुम्हाला ४० दिवसांत ३० टक्के मिळेल, आणखी कुठे ५ दिवसांत ६ टक्के. या केंद्रकांचं तेज बेतालपणे भटकतं, जितका काळ जास्त तितका बदल मोठा, आणि काही महिने ते काही वर्षं एवढ्या काळानंतर तो वाढायचा थांबतो. २००९ पासून त्यासाठी डॅम्प्ड रँडम वॉक नावाचं मॉडेल सर्रास वापरलं जातं, ते सगळीकडे तंतोतंत बसतं असं नाही पण कामचलाऊ आहे. हा जो थांबण्याचा काळ आहे तो कृष्णविवराच्या वस्तुमानाबरोबर वाढतो, म्हणजे एका लाइट कर्व्हमधूनही काहीतरी हाती लागतं, पण त्यासाठी त्या काळाच्या निदान दहापट लांब डेटा लागतो. वर्षभराच्या डेटावर तो काळ काढलेले पेपर मी जपूनच वाचते.

आता दुसरा वेळ.

वीज चमकते ती क्षणभर, पण गडगडाट मात्र बराच वेळ घोळत राहतो. का? कारण वीज किलोमीटरच्या किलोमीटर वेडीवाकडी पसरलेली असते, तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा नंतर. गडगडाट किती उशिरा सुरू झाला त्यावरून अंतर कळतं आणि तो किती आणि कसा लांबला त्यावरून विजेचा आकार. इथेही तसंच. मधल्या तबकडीतून आणि कोरोनातून निघणारा प्रखर अतिनील आणि एक्स-रे प्रकाश ही चमक. तो भोवतालच्या वायूवर पडतो, तो वायू आयनित होऊन स्वतःच्या लाइन, म्हणजे वर्णपटातल्या ठरावीक तरंगलांबीच्या चमकदार रेषा, देतो: हायड्रोजनची एच-बीटा, कार्बनची, हेलियमची. मधला प्रकाश वाढला की या लाइनही वाढतात, पण उशिरा, कारण मधला प्रकाश आधी वायूपर्यंत जाणार आणि मग तिथून आपल्याकडे निघणार. आपण आणि केंद्र यांच्या मधोमध असलेल्या ढगासाठी उशीर शून्य, बाजूच्या ढगासाठी त्रिज्येएवढा, पाठीमागच्या ढगासाठी त्रिज्येच्या दुप्पट. सगळीकडे सारखे ढग असतील तर सरासरी उशीर म्हणजेच त्रिज्या. कोट्यवधी वर्षांचा पुढचा प्रवास दोन्ही प्रकाशांनी सारखाच केलेला असतो, फरक पडतो तो फक्त सुरुवातीच्या त्या वळशाचा. मला अजूनही हे फार सुंदर वाटतं.

याला रिव्हर्बरेशन मॅपिंग, म्हणजे प्रतिध्वनीवरून नकाशा काढणं, म्हणतात, हे नाव आणि त्यामागचं गणित १९८२ मध्ये ब्लँडफर्ड आणि मकी यांनी नीट मांडलं, कल्पना त्याच्याही दहा वर्षं आधीची. प्रत्यक्षात गाडी रुळावर आली ती एनजीसी ५५४८ या सेफर्टमुळे. १९८८-८९ मध्ये आयूई उपग्रहाने सुमारे आठ महिने दर चार दिवसांनी तिचा अतिनील वर्णपट घेतला आणि जमिनीवरून अनेक दुर्बिणींनी दृश्य प्रकाशातला. एच-बीटा साधारण २० दिवस मागे निघाली, कार्बनची लाइन त्याच्या निम्म्या उशिराने, आणि हेलियमची तर अगदी थोड्याच दिवसांत. याचा अर्थ नीट लावा: हेलियममधले दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला ताकदवान फोटॉन लागतात, ते आतच जास्त असतात, म्हणून हेलियमची लाइन आतून येते, एच-बीटा बाहेरून. हा थरांचा क्रम कुणी कागदावर कल्पनेने मांडलेला नाही, घड्याळावरून वाचलेला आहे.

दीर्घिका २४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, तिथले २० प्रकाशदिवस आपल्याला आकाशात भरतात ते सेकंद-कोनाच्या साधारण ५० दशलक्षांश भागाएवढे. हबलला जेवढं बारीक वेगळं दिसू शकतं त्याच्या हजारपट लहान. म्हणून इथे जागेचं काम वेळेवर सोपवावं लागतं.

आता तुमची 'हा सगळा अंदाज तर नाही ना' ही शंका. ती रास्त आहे, आणि तिला दोन उत्तरं आहेत. पहिलं: ज्या लाइनचा उशीर कमी तिची रुंदी जास्त यायला हवी, कारण कृष्णविवराच्या जवळचा वायू जास्त वेगाने फिरणार, वेग जितका जास्त तितकी लाइन दोन्ही बाजूंना पसरणार, आणि हिशेबाने वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात हवा. एनजीसी ५५४८ मध्ये वेगवेगळ्या लाइनचे उशीर आणि रुंदी एका आलेखावर मांडल्या तर ते तसंच येतं. उशीर घड्याळावरून, रुंदी वर्णपटावरून, दोन मोजमापांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी जुळतात. दुसरं उत्तर अजून पक्कं: २०१८ मध्ये ग्रॅव्हिटी या उपकरणाने चार आठ-मीटरी दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून थेट ३सी २७३ च्या ढगांच्या पसाऱ्याची कोनीय त्रिज्या मोजली, ४६ दशलक्षांश सेकंद-कोन, म्हणजे साधारण १४५ प्रकाशदिवस, आणि दहाएक वर्षांच्या निरीक्षणांतून वेगळ्या गटाने प्रतिध्वनीच्या पद्धतीने काढलेली त्रिज्याही जवळपास तेवढीच आली. ज्या दिवशी हे दोन आकडे शेजारी बघितले त्या दिवशी मला इतकी वर्षं करत असलेल्या कामाबद्दल जे समाधान वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

वस्तुमान कसं काढतात तेही इथेच सांगून टाकते, त्याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. समजा उशीर २० दिवस आणि वेग सेकंदाला ३००० किलोमीटर. त्रिज्या झाली ५.२ गुणिले १० चा १४ वा घात मीटर. वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या भागिले जी, उत्तर येतं साधारण साडेतीन कोटी सूर्य. पण याच्यापुढे एक गुणक लावावा लागतो, एफ, कारण ढग कसे मांडलेत आणि आपण त्यांच्याकडे कुठल्या कोनातून बघतोय हे माहीत नसतं. लाइनची रुंदी तुम्ही कशी मोजली यावरही तो बदलतो, एका पद्धतीत सरासरी चार-पाच, दुसऱ्या पद्धतीत एकच्या आसपास. एकेका दीर्घिकेसाठी तो दोन-तीनपट इकडेतिकडे असू शकतो. म्हणून कुणी वस्तुमान दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका.

कोन आणि मांडणी काढायचाही मार्ग आहे पण डेटा उत्तम लागतो. लाइनच्या निळ्या बाजूचा (आपल्याकडे येणारा वायू), मधल्या भागाचा आणि तांबड्या बाजूचा (आपल्यापासून दूर जाणारा वायू) उशीर वेगवेगळा काढायचा. वायू नुसता गोल फिरत असेल तर दोन्ही कडांचा उशीर सारखा आणि मधल्या भागाचा जास्त येतो. वायू आत पडत असेल तर आपल्या बाजूचा वायू आपल्यापासून दूर जातोय, म्हणजे तांबडी बाजू आधी हलते. बाहेर उडत असेल तर उलट, निळी आधी. तिरप्या कड्यात उशिरांचा पट्टा पसरतो, समोरून बघितलेल्या कड्यात सगळ्यांचा उशीर एकच. गडगडाटावरून विजेचा आकार म्हणाले ते हेच.

इथवरचं थोडक्यात: तेज बदलायचा वेळ ही मर्यादा, दोन प्रकाशांमधला उशीर हे अंतर, आणि उशिराचा पसारा हा आकार.

धुळीसाठीही हीच पद्धत. साधारण १५०० केल्विनच्या वर धूळ टिकत नाही, त्यामुळे केंद्राच्या जवळ धूळ असूच शकत नाही, आणि जिथून ती टिकू लागते तिथे ती तापून जवळच्या अवरक्तात चमकते. दृश्य प्रकाश आणि दोन मायक्रॉनच्या आसपासचा के बँड दोन्ही मोजत राहिलं की उशीर मिळतो. एनजीसी ५५४८ मध्ये तो ४०-५० दिवसांचा आलाय, म्हणजे एच-बीटाच्या ढगांच्या बाहेर. धुळीचं कडं ढगांच्या बाहेर असं चित्रात दाखवतात ते यामुळे. आणि दोन्हींची त्रिज्या केंद्राच्या तेजाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, शंभरपट तेजस्वी क्वेसारमध्ये (३सी २७३ सारख्या अतितेजस्वी केंद्रकात) दहापट उशीर, वर रेडशिफ्टमुळे तो आपल्याला आणखी ताणलेला दिसतो. म्हणून क्वेसारवर काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

तबकडीच्या बाबतीत मात्र अजून सगळं सुटलेलं नाही. तबकडी आत गरम आणि बाहेर थंड, त्यामुळे अतिनील आधी बदलणार आणि तांबडा नंतर, आणि साध्या सिद्धांतानुसार उशीर तरंगलांबीच्या चार-तृतीयांश घाताने वाढायला हवा. २०१४ मध्ये एनजीसी ५५४८ वर हबलने जवळपास रोज, सोबत स्विफ्ट उपग्रह आणि जमिनीवरच्या दुर्बिणी, असं सहा महिने लक्ष ठेवलं. उशिराचा कल अपेक्षेसारखाच निघाला पण आकार साध्या सिद्धांताच्या साधारण तिप्पट. गुरुत्वीय भिंगामुळे दुहेरी-चौपदरी दिसणाऱ्या क्वेसारमधूनही, पूर्ण वेगळ्या पद्धतीने, तबकड्या मोठ्याच येतात. माझं मत विचाराल तर प्रतिध्वनीतल्या फरकाचा बराचसा भाग ढगांनी दिलेल्या सलग प्रकाशाचा आहे, लाइनसोबत ते ढग सगळ्या तरंगलांब्यांवर पसरलेला असा प्रकाश, कंटिन्यूअम, हाही देतात आणि तो उशिराने येतो, म्हणूनच यू बँडमध्ये (दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अतिनीलमध्ये), जिथे हायड्रोजनचा बामर कंटिन्यूअम जोरात असतो, उशीर एकदम वर उडी मारतो. पण सगळे जण हे मान्य करतात असं नाही, आणि तबकडीचंच मॉडेल बदलायला हवं म्हणणारेही चांगले अभ्यासक आहेत.

त्याच निरीक्षणांत आणखी एक गोष्ट झाली. दोन-एक महिने अतिनीलच्या लाइननी मधल्या प्रकाशाचं ऐकणंच सोडलं, तो वर-खाली होतोय आणि लाइन आपल्याच नादात. मध्येच कसला तरी पडदा आला असावा ज्याने ढगांपर्यंत जाणारा प्रखर प्रकाश अडवला पण आपल्याकडे येणारा नाही, असं आज बरेच जण मानतात. हे मुद्दाम सांगते कारण पद्धतीचं मूळ गृहीतकच हे आहे की आपल्याला दिसणारा प्रकाश आणि ढगांना दिसणारा प्रकाश एकच. ते बहुतेक वेळा खरं असतं. नेहमी नाही.

सगळ्यात आतला भाग एक्स-रेमध्ये. कोरोनाचा प्रकाश तबकडीवर आपटून परत येतो, लोखंडाची ६.४ केईव्ही (एक्स-रे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) ची लाइन त्यातूनच. २००९ मध्ये १एच ०७०७-४९५ या सेफर्ट दीर्घिकेत असा सुमारे ३० सेकंदांचा उशीर सापडला, सेकंदांचा! म्हणजे कृष्णविवराला अगदी खेटून. ग्रहणासारखाही एक प्रकार आहे: २००६ मध्ये एनजीसी १३६५ च्या एक्स-रे स्रोतासमोरून एक दाट ढग काही दिवसांत आरपार गेला आणि स्रोत किती लहान आहे ते त्यावरूनच कळलं.

आता तुमच्या डेटाकडे.

पहिली गोष्ट, तुमचा स्रोत ब्लेझार नाही ना हे तपासा. ब्लेझार म्हणजे ज्याचा जेट, केंद्रातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटणारा वायूचा झोत, थेट आपल्याकडे रोखलेला असतो; तसं असेल तर त्यातल्या वायूच्या वेगामुळे वेळ आपल्याला आखडलेला दिसतो आणि आकाराचा साधा हिशेब पार कोलमडतो. पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचं गॅमा-किरणांतलं तेज जुलै २००६ मध्ये काही मिनिटांत दुप्पट झालं होतं, आणि त्याच्या कृष्णविवराचा घेरच प्रकाशाला ओलांडायला याहून जास्त वेळ लागतो. सेफर्ट म्हणताय म्हणजे बहुधा तुमचा तसा नसणार, पण रेडिओ कॅटलॉग एकदा बघाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ही मी स्वतः अनुभवलीय. सुरुवातीच्या वर्षांत एका जवळच्या सेफर्टवर मी सलग दोन महिने फोटोमेट्री, म्हणजे तेजाची मोजणी, केली. तुलनेचे तारे एक टक्क्याच्या आत स्थिर, सगळं छान, आणि केंद्रक मात्र दर तीन-चार दिवसांनी सात-आठ टक्के वर जाऊन खाली येतंय. मी ते खरं धरून लिहायलाही घेतलं. मग एका रात्री वहीत प्रत्येक बिंदूसमोर त्या रात्रीचं सीइंग (हवेच्या अस्थिरतेने ताऱ्याची प्रतिमा किती फाकते त्याचं माप) लिहीत गेले आणि तिसऱ्या पानापर्यंत पोचेस्तोवर कळून चुकलं, प्रत्येक उजळ बिंदू हा खराब सीइंगच्या रात्रीचा होता. हवा अस्थिर असली की ताऱ्याचा उजेड फाकतो आणि छोट्या अपर्चरच्या, म्हणजे ज्या वर्तुळातला उजेड मोजतो त्याच्या, बाहेर सांडतो, पण केंद्रकाभोवतीची दीर्घिका आधीच पसरलेली असते, तिचं तेवढं नुकसान होत नाही, म्हणून त्या रात्री ताऱ्याच्या तुलनेत दीर्घिका उजळ दिसते. दोन महिने मी हवेचा लाइट कर्व्ह मोजत होते. तेव्हापासून सीइंगविरुद्ध तेज असा आलेख काढल्याशिवाय मी कुठल्याही चढावर विश्वास ठेवत नाही. तुम्ही झेडटीएफचे तयार मॅग्निट्यूड वापरले असतील तर तिथेही ताऱ्यासाठीचं प्रोफाइल बसवलेलं असतं आणि पसरट दीर्घिकेवर हाच घोळ होतो, त्याऐवजी फरक-प्रतिमांवरची (जुनी प्रतिमा वजा करून उरलेल्या प्रतिमांवरची) फोर्स्ड फोटोमेट्री, म्हणजे ठरलेल्या एकाच जागी केलेली मोजणी, मागवून घ्या, ती सेवा उपलब्ध आहे. तुमचे २० टक्के बहुधा टिकतील, पण ५-६ टक्क्यांचे जे छोटे चढ-उतार दिसतायत त्यांच्याबद्दल आत्ताच काही बोलू नका.

तिसरी, जी (हिरवा) आणि आर (तांबडा) बँडमधला उशीर काढायचा तुमचा विचार मला प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत दिसला. तुमच्या दीर्घिकेसाठी तो अपेक्षित उशीर एक दिवस किंवा त्याहूनही कमी असेल, आणि तुमचे बिंदू दोन-तीन दिवसांनी एक. क्रॉस-कोरिलेशन (एक लाइट कर्व्ह दुसऱ्यावर सरकवत कुठे सगळ्यात जास्त जुळतो ते बघणं) काहीतरी आकडा देईलच, ते नेहमीच देतं, त्यावर जाऊ नका. बेताल भटकणाऱ्या दोन पूर्ण असंबंधित लाइट कर्व्हमध्येही कधीकधी ०.७-०.८ चं कोरिलेशन सहज येतं, कारण थोडक्या काळात दोघंही एकदा वर जाऊन खाली आले की झालं. मी काय करते, तर आकडा आला की तशाच स्वभावाचे हजारभर खोटे लाइट कर्व्ह बनवते, माझ्याच तारखांवर त्यांचे बिंदू घेते, आणि किती वेळा योगायोगाने तेवढं कोरिलेशन येतं ते मोजते. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा उशीर आला तर तर जास्तच सावध, दीर्घिका सूर्याआड जाते तेव्हाची मोकळी जागा अशा आकड्यांना जन्म देते.

मग करता काय येईल, तर एच-बीटाचा उशीर. त्यासाठी वर्णपट हवेत, उशिराच्या निदान पाच-सहापट लांब काळ, आणि उशिराच्या चौथ्या-पाचव्या भागाइतक्या अंतराने. तुमच्या दीर्घिकेचा अपेक्षित उशीर १० दिवस असेल तर दर दोन दिवसांनी एक वर्णपट, दोन-तीन महिने, आणि त्या काळात केंद्रकाने बदलायची कृपा करायला हवी, ते आपल्या हातात नसतं. माझे दोन आख्खे सीझन असे गेलेत की दीर्घिका पाच टक्क्यांच्या वर हललीच नाही. एका छोट्या दुर्बिणीवर स्लिटचा वर्णपटमापक असेल आणि केंद्रक १४-१५ मॅग्निट्यूडच्या आत असेल तर हे जमण्यासारखं आहे, ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची अरुंद लाइन स्थिर धरून रोजच्या वर्णपटांचं माप जुळवून घ्यायचं, कारण ती लाइन इतक्या मोठ्या भागातून येते की काही महिन्यांत ती बदलू शकत नाही. बघा, इथेही पुन्हा तोच आकार आणि वेळेचा हिशेब कामाला आला.

दीर्घिकेचं नाव, तिचं रेडशिफ्ट आणि सीइंगचा कॉलम इथे टाका, म्हणजे अपेक्षित उशीर किती येतो ते मी हिशेब करून सांगते.